कोयत्याची लाज आणि काळ्या सुऱ्याचा तोरा

दरवर्षी दिवाळी संपली, हवेत थोडा गारवा आला की माझ्या फोनवर एक ठरावीक प्रश्न येऊ लागतो. विचारणारे वेगवेगळे, प्रश्न एकच. "कॅम्पिंगला लाकडं तोडायला मोठा चाकू घ्यायचाय, कुठला घेऊ?" सोबत तीन-चार लिंका. काळं पातं, पाठीवर करवतीचे दात, मुठीला गुंडाळलेली दोरी, आणि फोटोत मागे बर्फ आणि देवदाराचं जंगल. किंमत अडीच हजारांपासून बारा हजारांपर्यंत.

मी गेली चार वर्षं एकच उत्तर देतोय. "कोयता घे."

यावर हसण्याचे इमोजी येतात. "भाई, कॅम्पिंगला चाललोय, राडा करायला नाही." एकाने लिहिलं, "हा हा, आणि सोबत लुंगी पण घेऊ का?" एका मैत्रिणीला वाटलं मी तिची चेष्टा करतोय. तिने दुसऱ्या कुणाला तरी विचारून सात हजारांचा सुरा घेतला.

हा लेख त्या हसण्याबद्दल आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पटत नसेल तर इथूनच भांडायला सुरुवात करता येईल. सह्याद्रीत, कोकणात, गोव्यात एका हाताने लाकूड तोडायचं असेल तर कोयत्याहून चांगलं हत्यार तुम्हाला दुकानात मिळणार नाही. ते आपल्या नजरेसमोर असून आपल्याला दिसत नाही, कारण ते कुणाच्या हातात असतं हे आपल्याला आधी दिसतं.

मीही घेतला होता

मी हे शहाणपणाच्या उंच ओट्यावर बसून सांगत नाहीये. २०१९ मध्ये, जरा बरा पगार हातात आल्यावर, मी साडेसहा हजारांचा सुरा घेतला होता. दहा इंच पातं, सहा मिलिमीटर जाड, काळा लेप, पाठीवर दात, कमरेला लावायची म्यान. पार्सल आलं त्या रात्री मी तो उशाशी घेऊन झोपलो नाही एवढंच.

त्याच जानेवारीत आम्ही चौघं सुधागडच्या बाजूच्या एका ठाकरवाडीत मुक्कामाला होतो. आम्हाला गडावर घेऊन जाणारे पन्नाशीचे गृहस्थ होते. मी त्यांना दादा म्हणतो. ते मला मास्तर म्हणतात. मी मास्तर नाही, पण चष्मा आहे, तेवढं त्यांना पुरलं. तंबू त्यांच्या घरामागच्या खळ्यावर लावला होता. बांधावरची ऐनाची एक वाळलेली फांदी त्यांनी ओढून आणली आणि म्हणाले, "घ्या, शेकोटी करा."

मी सुरा काढला. पहिला घाव उसळला. दुसरा आत रुतला आणि रुतूनच बसला. ओढून काढला, पुन्हा मारला, पुन्हा रुतला. मनगटाएवढी फांदी तुटायला मला सात-आठ मिनिटं लागली आणि तळहाताला फोड आला. मग मित्राने घेतला. त्याने रुतलेलं पातं जोर लावून हिसकलं, घामाने ओली झालेली रबराची मूठ हातात फिरली, आणि डाव्या हाताचं बोट उघडलं. शेकोटी राहिली बाजूला. दादांच्या मोटारसायकलवरून रात्री अकरा किलोमीटरवर जाऊन तीन टाके घालून आणले.

परत आल्यावर दादांनी काही न बोलता कमरेमागच्या आकडीतून कोयता काढला. फांदीखाली एक ओंडका सरकवला. चार घाव, एक तुकडा. पुन्हा तीन घाव, दुसरा तुकडा. मनगट जेमतेम हलत होतं. सगळं झाल्यावर माझा सुरा उचलून त्यांनी उलटसुलट पाहिला, अंगठ्याने धार चाचपली आणि म्हणाले, "बकऱ्याला बरा हाय, मास्तर. लाकडाला नाय."

साडेसहा हजारांचं परीक्षण इतक्या थोडक्यात कुणी लिहिलेलं मी वाचलेलं नाही.

चार घावांत का तुटतं

दादांच्या हातात पन्नास वर्षांची सवय होती हे खरंच. पण नंतर त्यांनी तोच कोयता माझ्या हातात दिला आणि मलाही दहा-बारा घावांत जमलं. म्हणजे फरक फक्त हाताचा नव्हता. तो कशात होता हे समजून घ्यायला मला पुढची दोन वर्षं लागली. तुमचा वेळ वाचवतो.

पहिलं, वजन कुठे आहे. सुरा बोटावर तोलून बघा, तो मुठीच्या जवळपास तोलतो. भोसकायला, सोलायला, कापायला ते बरं, कारण टोक पटकन वळवता येतं. कोयता तोलून बघा, त्याचा तोल मुठीच्या तीन-चार बोटं पुढे जातो. घाव घालताना पातं स्वतःच्या वजनाने पडतं आणि हाताला फक्त नेम धरायचा असतो. म्हणून दादांचं मनगट हलत नव्हतं. मी सुऱ्याला खांद्यापासून जोर लावत होतो आणि तो जोर परत माझ्याच तळहातात येत होता.

दुसरं, बाक. सरळ पात्याखाली गोल फांदी निसटते. कोयत्याचं पातं आतल्या बाजूला वळलेलं असल्यामुळे फांदी त्या बाकात अडकते आणि घावासोबत थोडी ओढलीही जाते. नुसतं आपटण्यापेक्षा ओढून कापणं सोपं, हे आईला कांदा चिरताना पाहिलेल्या कुणालाही माहीत आहे. शिवाय पुढच्या चोचीने करवंदीच्या जाळीतली तोडलेली फांदी काट्यांना हात न लावता बाहेर ओढता येते. सरळ सुऱ्याने हे करून बघा आणि मग हाताचा फोटो पाठवा.

तिसरं, जाडी. चांगला कोयता पाठीला जाड आणि धारेकडे हळूहळू निमुळता होत जातो. तो पाचरीसारखा शिरतो आणि ढलपी बाजूला उडवतो, म्हणून रुतून बसत नाही. माझ्या सुऱ्याचं पातं बराच भाग सपाट जाड होतं आणि शेवटच्या थोड्या भागात एकदम धार काढलेली होती. फोटोत ते दणकट दिसतं. लाकडात ते एक तर उसळतं, नाही तर अडकतं.

चौथं, पाणी. पोलाद तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवलं की ते कडक होतं. आपल्याकडे याला पाणी पाजणं म्हणतात. फार कडक झालं तर गाठीवर आपटून धारेचे कपचे उडतात, मऊ राहिलं तर धार दुमडते. जाणता कारागीर फक्त धारेकडच्या भागाला पाणी देतो आणि पाठ मऊ ठेवतो, म्हणजे धार टिकते आणि धक्का पाठ सोसते. कोयत्यासाठी बहुतेक वेळा ट्रकच्या कमानीचा पाटा वापरतात. त्या पोलादात साधारण अर्धा टक्का किंवा थोडा जास्त कार्बन असतो, आणि ते मुळात वाकून पुन्हा सरळ होण्यासाठीच बनवलेलं असतं. ट्रकखाली खड्डे सोसलेलं पोलाद फांदीला घाबरत नाही.

पाचवं, पाठीवरचे दात. कुठलीही खरी करवत जवळून बघा. तिचे दात आळीपाळीने डावी-उजवीकडे फाकवलेले असतात. त्यामुळे चीर पात्यापेक्षा रुंद पडते आणि करवत आत-बाहेर फिरू शकते. सहा मिलिमीटर जाड सुऱ्याच्या पाठीवर नुसत्या खाचा पाडल्या की करवत होत नाही. बोटभर आत गेली की अडकते. उलट पाठीवर दुसऱ्या हाताचा तळवा टेकवायची सोय जाते.

सहावं, मूठ. कोयत्याची मूठ लाकडाची आणि शेवटाला फुगीर असते, म्हणजे ओल्या हातातूनही पुढे निसटत नाही. पात्याची शेपटी लाल तापवून लाकडात जाळत बसवतात आणि वरून लोखंडी कडं चढवतात. मूठ फुटली तर वाडीत तासाभरात दुसरी बसते. माझ्या सुऱ्याची रबरी मूठ एका पावसाळ्यात चिकट झाली. तिला बदलायचं कसं, हे विकणाऱ्यालाही सांगता आलं नाही.

दुसऱ्यांच्या प्रश्नाचं उत्तर

यावर नेहमीचा आक्षेप येतो. "मग जगभर लोक मोठे सुरे वापरतात ते काय मूर्ख आहेत?"

नाहीत. पण ते काय वापरतात ते नीट बघा. लॅटिन अमेरिकेत मॅशेटी, पातळ आणि लांब, कारण तिथे ऊस, गवत आणि ओली मऊ झुडपं सपासप छाटायची असतात. मलेशियात पारांग, अधिक जाड, पुढे वजनदार, कारण तिथलं जंगल लाकडी आहे. इंडोनेशियात गोलोक. नेपाळात खुकरी. इंग्लंडात कुंपणाच्या झाडांसाठी बिलहुक, जो आपल्या कोयत्याच्या शेजारी ठेवला तर सख्खा भाऊ वाटेल. प्रत्येक ठिकाणच्या माणसांनी आपापल्या लाकडासाठी आपापलं पातं घडवलं. आणि बहुतेकांनी वजन पुढे टाकलं.

काळा सुरा या यादीत येतो कुठून? बराचसा सिनेमातून. १९८२ साली 'फर्स्ट ब्लड' आला. त्यातला रॅम्बोचा सुरा अमेरिकेतल्या आर्कान्सामधल्या जिमी लाइल या कारागिराने घडवला होता. पाठीवर दात, पोकळ मूठ, मुठीत काडेपेटी आणि गळ. कारागीर पक्का होता, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण त्यानंतर जगभर त्या सुऱ्याच्या स्वस्त नकला निघाल्या आणि मूठ पोकळ ठेवायची म्हणून पात्याची शेपटी बोटभरच राहिली. जिथे सगळा धक्का बसतो नेमकी तीच जागा पोकळ! चाळीस वर्षांनंतरही मोठा चाकू म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तोच आकार येतो.

दुसरं कारण व्हिडिओ. थंड प्रदेशांतली माणसं सुऱ्याच्या पाठीवर दांडक्याने मारून ओंडका उभा फोडतात. ते त्यांच्या जागी बरोबर आहे. तिथे बाहेरून भिजलेल्या सूचिपर्णी लाकडाच्या आत कोरडा गाभा मिळतो आणि त्याचे धागे सरळ असल्याने ते पट्कन फाटतं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रान वाळलेलं असतं. शेकोटीला लागणाऱ्या काटक्या पायाने मोडतात, मनगटाएवढी फांदी दोन झाडांच्या बेचक्यात घालून रेटली की तुटते. उरतं ते ऐन, बाभूळ, खैर असलं चिवट, गाठीचं लाकूड. ते फाटत नाही, तोडावंच लागतं. बर्फातल्या प्रश्नाचं उत्तर आपण इथे सात हजारांना विकत घेतो आणि इथला प्रश्न तसाच राहतो.

खैरावरून आठवलं. कातकरी हे नाव कात पाडण्याच्या कामावरून आलेलं आहे. कात खैराच्या गाभ्यापासून करतात, आणि खैर आपल्याकडच्या कठीण लाकडांपैकी एक. म्हणजे आपल्या शेजारी एक आख्खी जमात आहे जिचं नावच सर्वांत चिवट लाकडाशी झुंजण्यातून पडलं. ठाकर, कातकरी, कुणबी ही मंडळी भाताच्या राबासाठी दरवर्षी ऐनाचे टहाळ तोडत आली. सगळं झाडावर चढून, एका हाताने फांदी धरून, दुसऱ्या हाताने. कोयत्याची याहून मोठी चाचणी कुठल्या प्रयोगशाळेत होणार? पण लाकूड तोडायला काय घ्यावं हे आपण त्यांना विचारत नाही. आपण ओरेगॉनमधल्या दाढीवाल्याला विचारतो.

घ्यायचा तर कसा

हार्डवेअरच्या दुकानात टांगलेला प्रत्येक कोयता चांगला असतो असं मी म्हणत नाही. बरेच नुसत्या पत्र्यातून कापलेले असतात, सगळीकडे सारख्याच जाडीचे. असा पत्र्याचा कोयता घेण्यापेक्षा माझा जुना सुरा फुकट न्या.

आठवडी बाजारात, गावाच्या वेशीवर, रस्त्याच्या कडेला घिसाडी कुटुंबं भाता लावून बसलेली तुम्ही गाडीतून पाहिली असतील. भटक्या जमातींत गणला जाणारा हा समाज पिढ्यान्‌पिढ्या शेतीची अवजारं घडवत आलाय. बहुधा नवरा सांडशीने तापलेलं लोखंड धरतो आणि बायको घण मारते. मी माझा कोयता असाच करून घेतला. काय हवं ते सांगितलं : लाकडासाठी, पाठ जाड, बाक कमी, मूठ लांब. ताई घण खाली ठेवून म्हणाल्या, "ऊस नाय ना तोडायचा? मग जड करते." दोन घावांच्या मधल्या वेळात त्यांनी मला जे शिकवलं, त्यासाठी शहरात लोक कार्यशाळेचे पैसे घेतात.

साडेपाचशे रुपये झाले. मी घासाघीस केली नाही, आणि तुम्हीही करू नका. सुऱ्याच्या डिलिव्हरीचे पैसे देताना आपण कधी घासाघीस केली होती?

घेताना एवढं बघा. पाठीकडून धारेकडे जाडी उतरत जाते का. बोटावर तोल मुठीच्या पुढे जातो का. धारेवर कानस घासली तर ती नुसती घसरते की थोडी धरते. थोडी धरली पाहिजे, म्हणजे रानातही साध्या कानशीने धार काढता येईल. हलक्या हाताने ओंडक्यावर दहा घाव घाला आणि धार उजेडात धरा. दुमडलेली जागा चमकते, कपचा दिसतो. असं काही दिसलं तर तिथेच परत द्या. ते पुन्हा तापवून पाणी देतील, तुमच्यासमोर. ही हमी कुठल्या कंपनीच्या डब्यात मिळते?

आता त्या हसण्याकडे

हे सगळं सांगूनही समोरचा हसतो. कारण त्याला धातू, तोल आणि बाक यांत काडीचा रस नसतो. त्याला कोयत्याची लाज वाटते.

मी कारण शोधत बसलो तर दोन सापडली. एक बातम्यांमधून आलं. २०२२-२३ च्या सुमारास पुण्यात कोयता गँग हा शब्द रोजचा झाला. कोयते नाचवत गाड्या फोडणाऱ्या पोरांचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिले. ती दहशत खरी होती. ज्यांनी ती सोसली त्यांच्यासमोर मी अवजाराचं कौतुक सांगणार नाही. पण एवढं म्हणेन की ती पोरं जे करत होती त्यात लाकूड कुठेच नव्हतं.

दुसरं कारण जुनं आहे आणि आपण ते बोलून दाखवत नाही. कोयता मजुराचा. ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला मुकादमाच्या हिशेबात "एक कोयता" म्हणतात. दोन माणसं, त्यांचा संसार, सहा महिन्यांचं आयुष्य, आणि वहीत नोंद एका अवजाराची. हा शब्द आपल्या कानांवर इतका वेळा पडलाय की कोयता हातात घेतला की आपण खाली उतरलो असं वाटतं. काळा सुरा घेतला की वर चढल्यासारखं वाटतं. सात हजार त्या चढण्याचे असतात.

ही लाज नुसती लाज राहिली असती तर मी लेख लिहिला नसता. ज्याला जे मिरवायचं ते मिरवू दे. पण तिची किंमत दुसरं कुणीतरी भरतं, हे मी पाहिलंय.

त्या मुक्कामानंतर दोन वर्षांनी दादा आणि मी बाजारात गेलो होतो. ते कोयत्याला नवी मूठ बसवून घेणार होते. एसटी स्टँडबाहेर त्यांना अडवलं. कोयता कशाला, कुठे चाललास, नाव काय, आधार कुठंय. पन्नाशीच्या माणसाला एकेरीत. कोयता काढून घेतला, अर्धा तास भिंतीला उभं केलं. मी शेजारीच उभा होतो. माझ्या पाठीवरच्या पिशवीत तो दहा इंची सुरा होता, कारण तो मी त्यांना दाखवून विकायला नेत होतो. माझ्या पिशवीकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. मी मधे पडून इंग्रजी शब्द पेरत चार वाक्यं बोललो आणि आम्हाला सोडलं. कोयता परत मिळाला. दादा वाटेत एवढंच म्हणाले, "तुमी व्हतात म्हून."

कायदा काय म्हणतो ते मी नंतर वाचलं. १९५९च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत धारदार शस्त्रांच्या वर्गात नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे. आणि त्याच वाक्यात घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी घडवलेली अवजारं वगळलेली आहेत. दादांचा कोयता शेतीचं अवजार होता. माझा सुरा काय होता? त्याच्या डब्यावर 'टॅक्टिकल' असं छापलं होतं. कायद्याच्या नजरेने बघायचं तर भिंतीला उभं राहायची पाळी आधी माझी होती.

म्हणून मला तो इमोजी आता हलका वाटत नाही. कोयता म्हणजे राडा, हे आपण जितक्या सहज म्हणतो, तितक्याच सहज स्टँडबाहेर कुणाला तरी एकेरीत हाक मारली जाते. संशय पसरायला फार कष्ट लागत नाहीत. आपलं हसू त्याला पुरतं.

माझ्याविरुद्ध मीच

आता कोयत्याच्या विरुद्ध जे खरं आहे तेही सांगायला हवं.

कोयता सगळ्याला चालत नाही. त्याने टोमॅटो चिरू नका, बारीक कोरीवकाम करू नका, त्याला साडेतीन इंची साधी सुरी सोबत ठेवा. तो गंजतो, घरी आल्यावर पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवावा लागतो. आणि तो धोकादायक आहे. चांगलं हत्यार चांगलंच लागतं. घाव घालताना खाली ओंडका हवा. उभं राहून पायाच्या दिशेने कधीच मारायचं नाही, गुडघ्यावर बसायचं, म्हणजे हुकलेला घाव जमिनीत जातो, नडगीत जात नाही. फांदी धरलेला हात पात्याच्या वाटेत नको. आजूबाजूला दोन हातांच्या आत कुणी नको. अंधार पडल्यावर नको, आणि पिऊन तर अजिबात नको. शहरातून नेताना पातं गोणपाटात किंवा कातड्यात गुंडाळून पिशवीच्या आत, कारण पोलीस वेळोवेळी हत्यारं बाळगण्याविरुद्ध मनाई आदेश काढत असतात, आणि उघडं पातं बसमध्ये बघून घाबरणाऱ्या बाईचं काही चुकत नाही.

त्याहून मोठी गोष्ट. तुम्ही ज्या ठिकाणी कॅम्पिंगला जाता तिथे बहुधा तुम्हाला काहीच तोडायचा अधिकार नाही. हरिश्चंद्रगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वासोटा कोयना अभयारण्यात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र घेऊन जाता येत नाही, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत शस्त्रांमध्ये चाकू येतो. तिथे आग लावणंही गुन्हा आहे. राखीव वनांत झाड तोडायला १९२७च्या वन कायद्याने बंदी आहे. तेव्हा तिथे जाताना सुराही नको आणि कोयताही नको. शेगडी न्या, आणि थंडी वाजली तर अजून एक स्वेटर.

ओली फांदी तर कुठेच तोडू नका. ती जळत नाही, नुसती धुमसते, आणि झाड बोडकं होतं. दादा ऐनाचे टहाळ तोडतात तेव्हा शेंडा राखतात, पुढच्या वर्षी त्याच झाडाकडे यायचं असतं म्हणून. आपण पुन्हा त्या झाडाकडे येणार नसतो.

खरं सांगायचं तर मला विचारणाऱ्या दहांतल्या आठ जणांना मोठं पातं लागतच नाही. ते वाडीत मुक्काम करणार असतात. वाडीत मोळी विकत मिळते. ती घ्या. तोडणाऱ्याला पैसे मिळतील, तुमची बोटं शाबूत राहतील, आणि कुठलं लाकूड कुठून तोडायचं हे ज्याला कळतं त्यानेच ते तोडलेलं असेल. उरलेल्या दोघांना, ज्यांच्या मामाच्या गावी बांध आहे, वाडी आहे, पावसाळ्याआधी खरंच फांद्या उतरवायच्या आहेत, त्यांना मी म्हणतो कोयता घ्या. माझं कोयत्याचं समर्थन एवढंच आणि इतकंच आहे. ज्याला काम आहे त्याने कामाचं हत्यार घ्यावं. ज्याला काम नाही त्याने हत्यार घेऊ नये.

सुऱ्याचं पुढे काय झालं

त्या दिवशी दादांनी तो विकत घेतला नाही. मी फुकट देऊ केला तर म्हणाले, "ठेवू कुठं? आकडीत बसत नाय." तो अजून माझ्याकडे आहे, कपाटाच्या वरच्या खणात, काळा लेप निघालेला. मित्राच्या बोटावर पांढरी रेघ आहे. तो अजूनही म्हणतो की सुरा चांगला होता, चूक त्याची होती. आमचं यावर एकमत होणार नाही.

कोयता स्वयंपाकघराच्या दारामागे असतो. पहिल्यांदा घरी आणला तेव्हा आई म्हणाली, "हे कशाला? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, आजोबांकडे नव्हता का? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, होता, त्यांच्या आकडीचा आवाज आला की कळायचं वाडीतून परत आलेत. शेंगदाण्याच्या तेलाच्या रिकाम्या डब्यावर तिने फडकं टाकलं, डबा दाराशी सरकवला आणि म्हणाली, टेकवून ठेव, फरशीवर आपटू नकोस, धार जाईल.

यंदाही दिवाळीनंतर मेसेज येतील. लिंका पाठवा, माझी हरकत नाही. पण आधी हे सांगा : कुठलं लाकूड तोडणार आहात, ते कुणाचं आहे, आणि तोडायला कुणी सांगितलंय? या तीन प्रश्नांची उत्तरं आली तर मी तुम्हाला बाजाराचा वार आणि भात्याची जागा कळवतो. सोबत येतोही. ताई अजून तिथेच बसतात.